साइटवर आलेला पाहुणा ओटीवरूनच परत का जातो? – वाचकांचे प्रश्न

स्वतःची वेबसाइट चालवणाऱ्या वाचकांची पत्रं बरीच साठली होती, त्यातली चार यावेळी घेतलीयत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तेच दुखणं निम्म्या पत्रांमध्ये आहे.

प्रश्न : ताई, आमचा देवबागला होमस्टे आहे, पाच खोल्या. दोन वर्षांपूर्वी एकाकडून साइट करून घेतली, २८ हजार गेले. महिन्याला तीनशेच्या आसपास लोक बघून जातात असं आकडे सांगतात, पण फोन येतात दोन-तीन. आमची आये रोज विचारते, "लोक येतत नि लगेच खंय जातत?" तिला काय सांगू? – एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : आयेला सांगा, लोक येतच नाहीयेत, दारातनं डोकावून जातायत. मी तुमची साइट कुडाळ स्टँडवर बसून उघडली, मुद्दाम, कारण पुण्याहून निघालेला माणूस ती एसटीत किंवा गाडीतच उघडणार, घरच्या वायफायवर नाही. पहिला फोटो दिसायला एकोणीस सेकंद लागले. तोपर्यंत माझा चहा आला. मग कळलं की पहिल्याच पानावर चौदा फोटो आहेत आणि एकेक सहा-सहा एमबीचा, म्हणजे कॅमेऱ्यातनं काढले तसे उचलून टाकलेत, ८४ एमबी झाले की हो, एवढ्यात माणूस सिनेमाचा अर्धा भाग बघेल. फोनच्या स्क्रीनला दीड हजार पिक्सेल रुंदीचा फोटो भरपूर होतो, तो वेबपी फॉरमॅटमध्ये केलात की बहुतेक वेळा दोनशे केबीच्या आत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. गूगलचंच स्क्वूश नावाचं फुकट टूल आहे, त्यात एकेक फोटो टाकून एका दुपारात काम होतं. नंतर पेजस्पीड इनसाइट्समध्ये साइटचा पत्ता टाकून बघा. तिथं पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट किती वेळात दिसते ते येतं, गूगल २.५ सेकंदांच्या आत असेल तर चांगलं धरतं.

एवढं झालं तरी माणूस थांबेलच असं नाही, कारण फोटो दिसल्यावर वाचायला काय मिळतं तर "निसर्गाच्या कुशीत वसलेलं, घरगुती वातावरण, आपलं मनःपूर्वक स्वागत". अहो, वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत प्रत्येक होमस्टे निसर्गाच्या कुशीतच वसलाय! ज्याला दोन पोरं आणि गुडघे दुखणारी आई घेऊन यायचंय त्याला कुशीचं काय, त्याला जिना आहे का ते हवंय.

आणि फोन नंबर. तो तुमच्या साइटवर आहे, पण बोर्डाच्या फोटोत! "अतिथी देवो भव" लिहिलेल्या बोर्डाच्या खाली, त्यावरून माडाची झावळी आलीय, त्यातला शेवटचा आकडा तीन का आठ ते मला झूम करून पण कळलं नाही. नंबर फोटोत नको, मजकुरात टाइप करा आणि बोट लावलं की थेट फोन लागेल असा करा, शेजारी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण द्या. तुमच्या मुलाला हे दहा मिनिटांचं काम आहे.

आता एक वही घ्या आणि फोनजवळ ठेवा. पुढचे पंधरा दिवस जो कोणी फोन करेल तो काय विचारतो ते त्याच्याच शब्दांत लिहा. सुधारून लिहू नका, तो "गाडी आतपर्यंत येते काय" म्हणाला तर तसंच लिहा, कारण लोक गूगलवरही तसंच टाकतात. माझ्याकडे अशाच एका वहीची झेरॉक्स आहे. त्यात पहिल्या पानावर होतं : गाडी लावायला जागा, जेवण व्हेज मिळेल का, कुडाळ स्टेशनवरून रिक्षा किती घेते, सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट पावसात चालू असते का, समुद्र खोलीतून दिसतो का "नुसता आवाज येतो". शेवटचा प्रश्न कुठल्याही डिझायनरला सुचला नसता. यातला एकेक प्रश्न म्हणजे साइटवरचं एकेक छोटं पान किंवा निदान एक ठळक परिच्छेद. रेट पण लिहा. रेट लिहिला तर लोक पळतील असं सगळे म्हणतात, पण ज्याला परवडत नाही तो फोनवर पण पळतोच, तुमची दहा मिनिटं खाऊन. आणि पावसाळ्यात किल्ल्याची बोट आणि स्कूबा बंद असतं हे स्पष्ट लिहा. जुलैत आलेला माणूस धक्क्यावर जाऊन परत आला की राग तुमच्यावरच काढतो.

इथं माझीच एक फजिती सांगते. मी एका साइटवर खाडीवरच्या फेरीबोटीच्या वेळा टाकल्या होत्या, पान छान चाललं, रोज लोक यायचे, मी खूश. मग वेळ बदलली आणि मी विसरले. एक कुटुंब रात्री शेवटची बोट म्हणून पोचलं तर धक्क्यावर कुत्रं आणि ट्यूबलाइट एवढंच. त्यांनी मला जे काही ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. तेव्हापासून वेळ, रेट, तारीख असलेल्या प्रत्येक पानावर "हे अमुक तारखेला तपासलं" अशी ओळ टाकते.

नकाशाचं राहिलं. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं, ते तुम्ही केलंय पण पिन चुकीची पडलीय, ती कर्लीच्या पात्रात आहे. देवबागची पट्टी मुळात एवढी चिंचोळी, एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला नदी, बोट जरा सरकलं की पाहुणा पाण्यात. ती ओढून घरावर आणा. रिव्ह्यू मागायला लाजू नका, जाताना सोलकढीचा पेला हातात असतो तेव्हा मागा, पण रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही.

आणि तीनशेचा आकडा डोक्यातनं काढा. साइटवरची ये-जा मोजणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स एखादी भेट "गुंतलेली" कधी धरतं तर माणूस १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा दोन पानं बघितली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी गोष्ट केली तर. ती महत्त्वाची गोष्ट कुठली ते तुम्हीच सेटिंगमध्ये सांगायचं असतं आणि तुमच्यासाठी ती म्हणजे नंबरला बोट लावणं. आठ सेकंदांत नंबर सापडला, फोन केला, खोली बुक झाली, असा माणूस तुमच्या साइटवर तासभर रेंगाळायची काय गरज?

प्रश्न : आमची देवगडला हापूस आंब्याची कलमं आहेत, साइटवरून थेट पेट्या विकतो. मार्च ते मे गर्दी असते, जूनला सगळं सामसूम. दरवर्षी परत शून्यापासून सुरुवात केल्यासारखं वाटतं. गिऱ्हाईक वर्षभर कसं धरून ठेवायचं? – एक बागायतदार

उत्तर : भाऊ, शून्यापासून वाटतं कारण तुम्ही खरंच शून्यापासून करता. "हापूस २०२३", "हापूस २०२४", "हापूस २०२५" अशी दरवर्षी नवीन पानं केलीत, प्रत्येकाचा पत्ता वेगळा. गेल्या वर्षी कोणीतरी तुमच्या पानाची लिंक ग्रुपवर टाकली होती ती आज उघडली तर जुना रेट आणि "बुकिंग बंद". पत्ता एकच ठेवा, त्यात साल घालू नका, आतला मजकूर बदला. जुन्या पानांवरून या एका पानाकडे रीडायरेक्ट लावा, जुना पत्ता उघडला तरी माणूस आपोआप या पानावर येतो, म्हणजे त्यांनी कमावलेली पत फुकट जाणार नाही.

वर्षभर धरून ठेवायचा अट्टहास मात्र सोडा. ऑगस्टमध्ये कोणी आंबा शोधत नाही, उगाच "श्रावणाच्या शुभेच्छा" टाकून काय होणार? पण थंडी पडून मोहोर आला की लोकांचे कान टवकारतात. मोहोराचा फोटो, तुडतुड्यांची फवारणी, अवकाळी पाऊस पडला तर किती गळ झाली, असं खरं खरं चार ओळीत टाका. आंबा महाग का झाला ते एप्रिलमध्ये समजवायला लागणार नाही.

आणि तुमच्याकडे जे ज्ञान आहे ते साइटवर कुठेच नाही. लोक विचारतात पेटी आली तर आता काय करू. आढी कशी लावायची, भाताचा पेंढा नसला शहरात तर काय वापरायचं, पिकायच्या आधी फ्रिजमध्ये का ठेवायचा नाही, देठाजवळ वास कसा बघायचा. हे पान गिऱ्हाईक पेटी उघडून हातात आंबा घेऊन वाचतं आणि शेजारणीला पाठवतं. दुसरं पान साक्यावर करा. तुम्ही दचकाल, आपल्याच मालाची खोड कशाला सांगायची! पण आंबा कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत निघाला की माणूस "फसवलं" म्हणतो, त्याला साका म्हणतात आणि तो बाहेरून कळत नाही हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही आधीच सांगून ठेवलंत आणि फोटो पाठवला तर बदलून देतो म्हणालात, तर तो पुढच्या वर्षी पण तुमच्याकडेच येतो. तिसरं, अस्सल कसा ओळखायचा. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, तुमचं नोंदणीपत्र असेल तर त्याचा फोटो या पानावर लावा.

गिऱ्हाइकांचे नंबर आहेतच तुमच्याकडे. विचारून, "हो" म्हणालेल्यांचीच व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्ट लिस्ट करा. त्यात २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून पेटीत एक चिठ्ठी टाका, "नंबर सेव्ह करा, पहिल्या तोडणीची खबर देऊ". मेसेज वर्षातनं तीन-चार, बास. रोज सुप्रभात पाठवलंत तर पहिला ब्लॉक मी करेन.

प्रश्न : एका कंपनीचा फोन आला, तीन हजारांत महिन्याला दहा हजार व्हिजिटर आणून देतो म्हणतात. घेऊ का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : नको. ते व्हिजिटर म्हणजे माणसं नसतात, प्रोग्रॅम असतात, येतात, पान उघडतात, जातात. तुमच्या दुकानात दहा हजार बाहुल्या आणून उभ्या केल्यासारखं. शिवाय मग खरे चाळीस जण कोण, कुठून आले ते त्या गर्दीत तुम्हालाच कळेनासं होतं. (हसू नका, मी पहिली साइट केली तेव्हा खाली काउंटर लावला होता, तो सहाशेवर गेला म्हणून पेढे वाटले, नंतर कळलं त्यातले पाचशे मी आणि माझा भाऊ.) त्यापेक्षा गूगल सर्च कन्सोल लावा, फुकट आहे, लोक कुठले शब्द टाकल्यावर तुमचं पान दिसलं आणि कितींनी त्यावर क्लिक केलं ते दाखवतं. पान खूप वेळा दिसतंय आणि क्लिक कोणी करत नाही म्हणजे शीर्षक बदला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आम्ही पाच-सहा जणांनी राजापूर तालुक्यातली गाऱ्हाणी (गावातर्फे देवाला घालतात ती साकडी), जुने शब्द, मुलांचे खेळ असं गोळा करून १४० पानं साइटवर चढवली. गूगलवर आमच्याच साइटमधली ओळ टाकली तरी ती सापडत नाही. इतकी मेहनत वाया गेली काय? – एक वाचक, राजापूर

उत्तर : गुरुजी, वाया नाही गेली, पण ती कुलपात आहे. तुमचा मजकूर मी कॉपी करून फोनवर पेस्ट केला तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं आली. म्हणजे तुमच्या गावच्या डीटीपीवाल्याने तो श्रीलिपी, कृतिदेव अशांसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलाय. त्या फॉन्टात खाली इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठीचा मुखवटा, त्यामुळे गूगलला तुमचं गाऱ्हाणं कचरा दिसतो. सगळं युनिकोडमध्ये आणायचं, म्हणजे फोन आणि गूगल दोघांनाही मराठी म्हणूनच वाचता येईल अशा अक्षरांत. परत टाइप करू नका, फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, मात्र त्यातनं काढल्यावर डोळ्याखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार हमखास सांडतात, त्यातही "गाऱ्हाणं", "दऱ्या", "वाऱ्यावर" मधला र. आणि तुमच्या खेळांची पानं तर स्कॅन केलेले फोटोच आहेत, ती मात्र टाइप करावीच लागतील. निदान शीर्षक आणि पहिले दोन परिच्छेद आधी करा, फोटो खाली राहू दे.

मग लोक यायचे कसे? तुमच्या तालुक्यात तर लोकांना ओढणारी गोष्ट देवानेच दिलीय. उन्हाळे गावची गंगा, म्हणजे जमिनीतनं आपोआप वर येणारं पाणी, साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात पण तिची तारीख कुठल्याच पंचांगात नसते, त्यामुळे "गंगा आली का" हे लोक शोधतच असतात आणि सापडतात त्या जुन्या बातम्या. एक पान करा, शीर्षक हेच, "राजापूरची गंगा आली का?", आणि वर पहिल्याच ओळीत उत्तर, आली किंवा नाही, कधी बघून आलो ती तारीख. चौदा कुंडांचा तुम्ही काढलेला फोटो. तुमच्यातला कोणीतरी आठवड्यातनं एकदा तिकडे जातोच, त्याने दोन शब्द कळवायचे.

उत्तर मिळालं की माणूस निघून जाईल, ती वेळ साधायची. खाली "आणखी वाचा" म्हणून वीस लिंकांची रांग लावू नका, एकच लावा आणि तिथेच शोभेल अशी : गंगा आल्यावर गावात गाऱ्हाणं घालतात ते तुमच्याकडे असेल तर ते, कोणीतरी म्हटलेलं, आवाजासकट. ते फोनवर रेकॉर्ड करून टाका. लिहिलेलं "व्हय महाराजा" आणि ऐकलेलं "व्हय महाराजा" यात फरक आहे, मुंबईत बसलेला चाकरमानी ते ऐकून पुढची तीन पानं तरी उघडतोच. त्या गाऱ्हाण्यातला एखादा अडलेला शब्द तुमच्या शब्दांच्या यादीला जोडा, यादीतनं खेळाला. असं एकातनं एक.

१४० पानांचा एकदम धसका घेऊ नका. आधी दहा करा आणि मला पाठवा, र मी तपासून देते.