लष्करी इमारतींचा आराखडा करताना तिथे राहणाऱ्या जवानांना विचारतात का?

विचारतात. पण नेमकं कोणाला, तिथे घोडं पेंड खातं.

मी एमईएसमध्ये, म्हणजे लष्कराची बांधकामं आणि देखभाल पाहणाऱ्या खात्यात, ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. इमारत वापरणाऱ्या युनिटला आमच्या फायलींत 'यूजर'च म्हणतात. काम निघालं की बोर्ड बसतो. युनिटचे अधिकारी आणि आमचा इंजिनियर जागेवर जातात, इमारत कुठे बसवायची ते ठरवून सह्या करतात. कोणाला किती जागा, हे मात्र 'स्केल ऑफ अकोमोडेशन'मध्ये आधीच ठरलेलं. माझी निम्मी नोकरी १९८३च्या स्केलवर गेली, २००९ला नवं आलं.

एका छावणीत आम्ही कुकहाउस बांधलं, अगदी स्केलप्रमाणे. ताबा देताना लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या, हवालदाराने भांडी धुण्याच्या जागेकडचं दार वितीने मोजलं आणि म्हणाला, "साहब, देग इसमें से निकलेगी कैसे?" दार अडीच फुटी. देग म्हणजे मोठं पातेलं; त्याच्या दोन्ही कड्या धरून दोन माणसं त्यातून जाणं अशक्य. चौकट काढून दार चार फुटी करायला जेमतेम दोन दिवस लागले, पण मंजुरीबाहेरचा बदल म्हणून फाइल फिरली सात महिने. तोवर ती पोरं गरम देगी घेऊन इमारतीला वळसा घालत होती. पावसातसुद्धा. ते मला आजही खुपतं.

बोर्डावर सही करणारे अधिकारी वाईट नव्हते. मंजुरी, टेंडर, बांधकाम यांत वर्षं जातात आणि तोवर ते युनिट बदलीवर निघून गेलेलं असतं. राहायला येतात दुसरेच. क्वार्टर्सचंही तेच. २००२ पासून मॅरिड अकोमोडेशन प्रोजेक्टमध्ये हजारो घरं उभी राहिली. जवान सीमेवर असतो तेव्हा ते घर त्याची बायको चालवते, पण कपडे वाळत घालायची जागा कुठे हवी हे बोर्डावर तिला कोण विचारणार?

त्या दारानंतर कुठल्याही कुकहाउसचं काम आलं की बोर्डाच्या आधी मी टेप घेऊन पहाटे साडेचारला लंगरमध्ये जाऊन उभा राहायचो. कोतचं, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीचं, काम असेल तर हत्यारं काढणाऱ्या-ठेवणाऱ्या एनसीओबरोबर (हवालदार-नाईकाबरोबर) अर्धा दिवस घालवायचो.

तुमचं नाव बोर्डावर आलं असेल, तर नकाशा लंगरच्या उस्तादासमोर पसरा. त्याच्या सर्वांत मोठ्या देगीचं माप घ्या आणि प्रशासकीय मंजुरीच्या आधी ते बोर्डाच्या कागदांत लिहून घ्या.