घरातलं कोणतं खाणं कुत्र्यासाठी विषारी असतं? गावाकडची कुत्री तर सगळंच खातात ना?

चॉकलेट वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच. मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळं: "आईचं म्हणणं, गावाकडची कुत्री सगळं खातात, त्यांना काही होत नाही." हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी आमच्या दाजींनी आमच्या शेतात, हातात रश्श्याचं ओगराळं धरून म्हटलं होतं.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. भाच्याच्या नवसाची कंदुरी होती, दोन बोकडं. वाटणाला नऊ किलो कांदा लागला. तो मीच चिरला होता, त्यामुळं आकड्यावर वाद नको. लसूण वेगळा. पंगती उठल्या तेव्हा पातेल्यात फोडी संपलेल्या, तळाला नुसतं दाट काळं वाटण आणि वर तर्री. आमचा खंड्या, गावठी, पंधराएक किलोचा, लिंबाखाली जीभ काढून बसलेला. दाजींनी परातीत चार भाकरी कुस्करल्या आणि वरून ओगराळ्यानं रस्सा ओतला. मी म्हणालो, दाजी, कुत्र्याला कांदा-लसूण चालत नाही. तर म्हणे, "काही होत नाही हो. गावठी कुत्रं आहे ते, दगड पचवतंय. तुम्ही मोबाईलवर वाचून आम्हाला शिकवता का?" चार पाहुण्यांत सगळे हसले. मी अजून काही बोलणार तर आईनं डोळे मोठे केले. जावयाला कोण बोलणार?

उरलेला रस्सा घरी आणून दोन दिवस उकळून उकळून ठेवला, म्हणजे खंड्याची कंदुरी तीन दिवस चालली. त्याला काहीही झालं नाही. उलट शेपूट हलवत पातेल्यामागं फिरायचा. दाजी एसटीत बसताना मुद्दाम म्हणाले, "बघा, काय झालं?"

चौथ्या दिवशी सकाळी ओसरीच्या शहाबादी फरशीवर कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी. खंड्या भिंतीला टेकून उभा, मागचे पाय लटलटतायत, बसल्या जागी धाप. ओठ वर करून बघितला तर हिरड्या मेणासारख्या पांढऱ्या. हिरडी बोटानं दाबून सोडली की रंग परत येतो ना? इथं परत यायला रंगच नव्हता.

तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच गोचीड ताप म्हणून सुई टोचली. रक्त तपासलं नाही, काय खाल्लं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भावाच्या पिकअपमध्ये घालून उदगीरच्या जनावरांच्या कॉलेजात नेलं. तिथल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "आठवड्यात काय काय घातलं?" मी कंदुरी म्हटलं आणि त्यांनी मान हलवली. काच तयार करून मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. तांबड्या पेशी दिसत होत्या आणि कितीतरी पेशींच्या कडेला बारीक टेंगूळ आल्यासारखं. कांद्यातल्या गंधकाच्या द्रव्यांनी पेशीतलं हिमोग्लोबिन नासतं, त्याच्या गाठी होतात आणि अशा पेशी मग फुटतात किंवा शरीरच त्या मोडीत काढतं. याला दिवस लागतात. म्हणून तर सोमवारी खाल्लेल्या रश्श्याचा आणि गुरुवारच्या लघवीचा संबंध कोणी लावत नाही. हिमोग्लोबिन सहा भरलं, असायला हवं बारा ते अठरा. यावर उतारा औषध नाही, सलाईन लावून शरीराला वेळ मिळवून द्यायचा, फारच उतरलं तर रक्त चढवायचं. तेवढ्यावर गेलं नाही. हिरड्या गुलाबी व्हायला दीड महिना लागला.

आता हिशोब. किलोमागं 15 ते 30 ग्रॅम कांदा कुत्र्याला बाधतो. पंधरा किलोच्या कुत्र्याला म्हणजे दोन-तीन कांदे, आणि परतून आटवलेल्या वाटणाच्या ओगराळ्यात कांदा किती असतो ते स्वयंपाक करणाऱ्याला विचारा. शिजवल्यानं विष जात नाही. कांदा-लसूण मसाल्याची पूड तर जास्तच वाईट, आणि तोळ्यामागं लसूण कांद्याच्या वरचढ.

गावाकडची कुत्री सगळं खातात म्हणे. पूर्वी कुत्र्याला ताकातली ज्वारीची भाकर मिळायची. वाटण घातलेला रस्सा रोज कोणाच्या घरी होता, की कुत्र्याला ओगराळ्यानं मिळावा? आणि बाधलं तरी ते कुत्रं बांधाच्या कडेला बाभळीखाली जाऊन पडतं, त्याचं रक्त कोण तपासतं? मेलेलं मोजलंच नाही तर काही होत नाही असंच वाटणार.

दाजींचं म्हणणं अजूनही हेच, की ते गोचिडांमुळं झालं. वर सल्ला असा, की रोज दोन पाकळ्या लसूण घातला असता तर गोचीड झालेच नसते! हा उपाय तुमच्याकडंही कोणी सांगेल. ऐकू नका.

बाकीचं थोडक्यात. द्राक्षं-मनुक्यांनी किडनी जाते आणि सुरक्षित मात्रा अशी नाही, एका कुत्र्याला मूठभर पचतील, दुसरं चार मनुक्यांत जाईल. शिऱ्यातले, प्रसादातले मनुकेही त्यातच धरा. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यातल्या टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून मी चिंच-गुळाची आमटीही घालत नाही. शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य सगळ्यात घाई करतं, अर्ध्या तासात रक्तातली साखर उतरू शकते. चॉकलेट जितकं काळं-कडू तितकं वाईट. शिजलेली हाडं विषारी नाहीत, पण चिरफळ्या होऊन आतडं फाडतात. असलं काही खाल्लेलं दिसलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मीठच बाधतं. लक्षणांची वाट न बघता तासाभरात डॉक्टर गाठा.

पोह्यातला कांद्याचा एक तुकडा खाली पडून खाल्ला तर पिकअप काढायची गरज नाही, हेही सांगून ठेवतो. नाहीतर माझं वाचून आईशी भांडाल.

आणि एक. खंड्याच्या कानात त्या दिवशी खरंच दोन गोचीड होते. उदगीरच्या मॅडमनी टेंगळं दाखवली, पण एका काचेत जंतू दिसले नाहीत म्हणून गोचीड ताप नाहीच असं ठरत नाही, असंही म्हणाल्या आणि त्याच्याही गोळ्या दिल्या. हे दाजींना मी अजून सांगितलेलं नाही.