सुपरवायझरना सेफ्टी शिकवायला निघालीयस, तर आधी एवढं वाच

पोरी,

तुझा मेसेज वाचला. एडीआयएस, म्हणजे इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा झाला आणि लगेच चार बिल्डरांनी मिळून त्यांच्या साईट सुपरवायझरना सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायचं काम तुला दिलं, लई आनंद झाला बघ. स्लाईड पण बघितल्या. मेहनत केलीयस हे दिसतंय, पण त्यातलं निम्मं ह्या पोरांना लागणार नाही आणि जे लागणार ते त्यात नाही, म्हणून फोनवर घाईत सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवतोय, निवांत वाच.

पहिलं म्हणजे तू कुणाला शिकवतेयस ते नीट बघ. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात सेफ्टी ऑफिसर कधी, तर 500 कामगार असले तर. 2020 च्या नव्या संहितेत तो आकडा 250 वर आणला. आता आपल्या कोल्हापुरात फुलेवाडीला, कळंब्याला, आर. के. नगरला पार्किंग आणि वर पाच मजले अशी जी बिल्डिंग उभी राहते तिथं माणसं किती असतात, तीस-चाळीस, स्लॅबच्या दिवशी साठ. म्हणजे तो कायद्यातला ऑफिसर तिथं कधी येणारच नाही. तिथं असतो नुसता सुपरवायझर, नुकताच डिप्लोमा करून आलेला, त्यानं सिमेंटची पोती मोजायची, आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी तावडे हॉटेलजवळ कुठं अडकली ते विचारायचं, साहेबांचे फोन घ्यायचे, हजेरी लिहायची आणि सेफ्टी पण त्यानंच बघायची. त्या साईटवर सेफ्टी म्हणून जे काय असेल ते हे एक पोरगं असतंय, हे डोक्यात ठेवून वर्गात जा.

आणि ह्या पोरांना नियम माहीत नसतात असं समजू नकोस. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, सगळं पाठ असतंय. त्यांना जमत नाही ते काम थांबवणं. समोर मुकादम उभा असतो, बापाच्या वयाचा, विजापूरकडून गँग घेऊन आलेला, तो म्हणतो एवढी वर्षं असंच करतोय, तू काल आलास, की पोरगं गप. तेव्हा तू बोलायला शिकव. खरंच, वर्गात दोघांना उभं कर, एक मुकादम एक सुपरवायझर, आणि बोलून घे त्यांच्याकडनं. "मामा, स्लॅबखालचा टेकूचा जॅक सरकलाय, दहा मिनटं थांबूया, मी पण हात लावतो, मग परत चालू." गँगसमोर ओरडायचं नाही, मुकादमाचा मान गेला की तो उद्या मुद्दाम ऐकणार नाही. शक्य झालं तर खरेखुरे दोन मुकादम चहाला बोलव आणि त्यांच्यासमोरच हे करून घे, पोरं आधी लाजतील, करू देत. कानडी आणि हिंदीत 'थांबा, खाली या' एवढं तरी ओरडता आलं पाहिजे प्रत्येकाला, कारण निम्म्या गँगला मराठी कळत नाही आणि सेकंदात सांगायची वेळ आली की मुकादम शोधत बसता येत नाही.

पण ह्याच्या आधी एक काम तुझं. चारही मालकांकडं जा आणि स्पष्ट माग, की सुपरवायझरनं धोका बघून काम थांबवलं तर त्याचा खर्च त्याच्या डोक्यावर येणार नाही, आणि हे मालकानं स्वतः साईटवर येऊन कॉन्ट्रॅक्टर आणि मुकादमासमोर बोललं पाहिजे. मी एका ठिकाणी बघितलंय, पोरानं पावसात खोदाई थांबवली, बरोबरच थांबवली, तर त्या दिवसाचं जेसीबीचं भाडं त्याच्या पगारातून कापलं. त्यानंतर त्या पोरानं तिथं कधी काही थांबवलं नाही. जो मालक हे बोलायला तयार नाही त्याची बॅच घेऊ नकोस, पैसे गेले तर जाऊ देत. तुझं सर्टिफिकेट भिंतीवर लावून तो मोकळा होईल आणि पोरगं अडकेल.

आता शिकवायचं काय. सगळं शिकवायला जाऊ नकोस, जिथं माणूस मरतो तेच घे आणि खोलात घे.

हार्नेस घे, म्हणजे उंचावर अंगाला बांधायचा सेफ्टी बेल्ट. बेल्ट लावला म्हणजे झालं असं सगळ्यांना वाटतं. तू टेप घेऊन साईटवर मोजून दाखव. दोरी 1.8 मीटर, झटका घेणारी पट्टी उघडली की अजून पावणेदोन मीटरपर्यंत लांबते, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, आणि मीटरभर जागा शिल्लक पाहिजे, झाले सहा मीटर. पहिला स्लॅब असतो जमिनीपासून तीन मीटरवर. म्हणजे तिथं पायाजवळ हुक लावून काम करणारा माणूस पडला तर ती पट्टी पूर्ण उघडायच्या आधीच खाली आपटलेला असतो. हे गणित पोरांनी स्वतः केलं की ते विसरत नाहीत. मग त्यांना सांग की खालच्या मजल्यांना आधी कडेला रेलिंग, मीटरभर उंच, मधे एक आडवा पाईप, खाली फळी, डक्ट (पाईप न्यायची उभी पोकळी) आणि लिफ्टचा खड्डा बंद, आणि बेल्ट लागलाच तर हुक डोक्याच्या वर. हुक कुठं लावतात ते पण बघ, बाइंडिंग वायरला लावतात, परांचीच्या सुट्या पाईपला लावतात, तो पाईप माणसासकट येतो खाली. आणि बेल्टनं वाचलेला माणूस लटकत राहिला तर त्याला उतरवायचं कसं हे कुणी ठरवलेलंच नसतं, लटकून लटकून पायात रक्त साठतं आणि थोड्या मिनिटांत जीवावर बेततं. 108 ला फोन करायचाच, पण शिडी कुठं आहे, कोण चढणार, हे सकाळीच ठरलेलं पाहिजे.

दुसरं, जमिनीखालची पाण्याची टाकी. हे तुझ्या स्लाईडमध्ये नाहीच आणि मला ह्याचीच सगळ्यात काळजी वाटते. टाकीचा स्लॅब टाकतात, वर माणूस जाईल एवढंच तोंड ठेवतात, पंधरा-वीस दिवसांनी सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू, काढायला माणूस खाली उतरतो. आत ओलं प्लायवूड आणि लाकूड कुजत पडलेलं असतं आणि त्यानं आतला ऑक्सिजन खाल्लेला असतो. वास नाही, धूर नाही, काही कळत नाही, माणूस खाली गेला की गुडघ्यात मोडून पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तो पण पडतो, आपली माणसं जीव लावणारी, तिसरा पण उतरतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला की उतरायचं नाही, संपलं. दिवा सोडून बघायची जुनी पद्धत आहे, तिच्यावर भरवसा ठेवू देऊ नकोस, दिवा जळत असतो तेव्हा पण हवा माणसाला कमी पडलेली असू शकते. चारही मालकांत मिळून हवेतला ऑक्सिजन मोजणारा एक गॅस मीटर घ्यायला लाव, साईटवरून साईटवर फिरवा. स्लॅब टाकतानाच दुसरं तोंड ठेवायला सांगा, उतरायच्या आधी ब्लोअर लावून बराच वेळ हवा मारा, माणसाच्या बेल्टला दोरी, आणि वर एक जण असा की काही झालं तरी तो खाली उतरणार नाही, दोरी ओढेल आणि हाका मारेल. हा वरचा माणूस मन घट्ट असलेला निवडायला शिकव, भाऊ खाली आणि भाऊ वर अशी जोडी लावू नये.

खोदाईचं थोडक्यात. काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते, आणि मुरूम दिसायला घट्ट म्हणून त्याच्यावर लई विश्वास टाकतात. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या वर भरते, छातीपर्यंत माणूस दाबला तरी श्वास घेता येत नाही. दीड मीटरपेक्षा खोल गेलं की बाजूला उतार नाहीतर फळ्यांचा आधार, काढलेली माती काठापासून दीड मीटर तरी लांब, आणि आत शिडी. जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या 39 फुटाला गेली का, धोक्याच्या 43 ला गेली का, हे पोरं मोबाईलवर दिवसभर बघत असतात, तर नदीकडच्या साईटवाल्यांना सांग, तेव्हा आपला खड्डा पण बघत जा, खालून पाणी लागलं की बाजू सुटते.

करंटचं तर सांगायला नको. वायरची टोकं काडी खुपसून सॉकेटमध्ये घालतात ते पहिल्या दिवशी बंद. 30 मिलीअँपचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, लावायचा आणि त्याचं टेस्ट बटण रोज सकाळी सुपरवायझरनं स्वतः दाबायचं, काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर चालू करायच्या आधी.

तू बाई माणूस आहेस त्याचा एक उपयोग होईल तो सांगतो. घमेली उचलणाऱ्या बायका पुरुष सुपरवायझरला काही सांगत नाहीत. संडासची सोय नसते म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि एप्रिल-मेमध्ये चक्कर येऊन पडतात. पोरं बरोबर असतील तेव्हा एकदा तू त्या बायकांच्यात जाऊन बस आणि बोल, पोरांना ऐकू दे. लेकरं कुठं झोपवलीत ते पण विचार, बऱ्याचदा जिथून गाडी रिव्हर्स येते तिथंच सावली असते.

वर्ग अमावास्येला ठेव, बऱ्याच साईट त्या दिवशी बंद असतात, पोरं मोकळी सापडतात आणि परांची, दोऱ्या, जॅक हातात घेऊन निवांत बघता येतात. पण चालू कामावर एक दिवस घेतलाच पाहिजे, शक्यतो स्लॅबच्या दिवशी. परीक्षा कागदावर नको घेऊस. प्रत्येकाला दुसऱ्याच्या साईटवर सोड, अर्धा तास दे, काय दिसलं ते बोलू दे आणि त्यातलं एक तिथल्या तिथं दुरुस्त करून दाखवू दे. सगळ्या चुका सापडल्या पण एक पण दुरुस्त करून घेता आली नाही, तर तो अजून तयार नाही, त्याला परत बोलव. पंधरा दिवसांनी न सांगता साईटवर जा. आणि एक साधी वही ठेवायला लाव, थोडक्यात वाचलं ते लिहायची, वीट पडली पण कुणाला लागली नाही, असलं. वही महिनाभर कोरी असली तर साईट चांगली आहे असं समजू नकोस, पोरगं घाबरतंय का ते बघ.

जाता जाता, ज्यांची गेल्या बारा महिन्यात 90 दिवस कामं भरलीत त्यांची बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडं नोंदणी झालीय का ते पण सुपरवायझरलाच विचारायला सांग, हजेरी त्याच्याकडंच असते.

मालकांकडं तू कधी जातेयस ते कळव. एकटीला जड वाटत असेल तर मी येतो बरोबर, गुरुवार सोडून कधीही. आणि गॅस मीटर माझ्याकडं एक आहे, कॅलिब्रेशन करून, म्हणजे आकडा बरोबर दाखवतो का ते तपासून, आणायचा आहे तेवढा, पहिल्या बॅचला तोच वापर.

तुझा,
काका