इंग्लंडमध्ये हॉट टबवालं कॉटेज: आई-बाबांना घेऊन जायचं तर कुठे, कधी आणि काय विचारून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लेस्टरला राहता, आई-बाबा सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत पुण्याहून येऊन राहणार आहेत, मुलगी सहा वर्षांची आहे. बाबांना बीपीची गोळी चालू आहे आणि आईचे गुडघे दुखतात. अशा वेळी हॉट टब (घराबाहेर ठेवलेला गरम, बुडबुड्यांच्या पाण्याचा मोठा टब) असलेलं कॉटेज घ्यावं का, आणि घ्यायचं तर डोंगरात की समुद्राकाठी?

जरूर घ्या. आई-बाबा उन्हाळा संपल्यावर येताहेत हे तर उत्तमच. हॉट टब ही थंडीतच घ्यायची मजा आहे. ऑगस्टमध्ये शाळेच्या सुट्ट्यांमुळे भाडं चढलेलं असतं, उजेड रात्री नऊपर्यंत हटत नाही आणि ऊन असलं तर गरम पाण्यात बसावंसंही वाटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेर आठ अंश आणि पाणी अडतीस अंश, तेव्हा टबाचे पैसे वसूल होतात. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन नोव्हेंबरातच गेलो होतो. सासरे कानटोपी घालून पाण्यात बसले, कारण अंग गरम असलं तरी डोक्याला वारा झोंबतो. तुम्हीही टोप्या न्याच, प्रत्येकाला एक.

तुमच्यासाठी एक सोयीची गोष्ट म्हणजे लेस्टरच्या शाळांची ऑक्टोबरची सुट्टी बऱ्याच वर्षी इतर ठिकाणांपेक्षा आठवडाभर आधी येते. बाकीच्या देशात शाळा चालू असतात, म्हणून त्या आठवड्यात कॉटेजचे दर तितके चढलेले नसतात. मुलीची शाळाही बुडत नाही. सोमवार ते शुक्रवार असा चार रात्रींचा मुक्काम बघा, शुक्रवार ते सोमवारपेक्षा तो रात्रीमागे बहुधा स्वस्त पडतो.

आता जागा. गुडघ्यांचा विचार केला तर मी सरळ पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोकचा उत्तर किनारा सांगेन. डोंगराळ लेक डिस्ट्रिक्ट मलाही फार आवडतं, पण तिथली जुनी दगडी घरं म्हणजे अरुंद, उभे जिने आणि झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. यॉर्कशरचं रॉबिन हूड्स बे फोटोत बघून मोह होतो. पण तिथे गाडी वर ठेवून तीव्र उताराच्या गल्लीतून खाली उतरावं लागतं, आणि परत येताना तीच चढण. कॉर्नवॉल लेस्टरहून एका दमात जाण्यासारखं नाही. नॉरफोक सपाट आहे. तिथे जुन्या धान्याच्या कोठारांची घरं केलेली आहेत, विटांची आणि गारगोटीच्या भिंतींची. त्यातली कितीतरी एकमजली असतात आणि मधल्या अंगणाला भिंत असते. ही भिंत फार महत्त्वाची. समुद्रावरून येणारा वारा अडला नाही तर टबातून बाहेर पडून दारापर्यंतची दहा पावलंही नकोशी होतात. म्हणून समुद्र दिसणारा टब शोधू नका, समुद्रापासून चार-पाच मैल आत, आडोशाचं अंगण शोधा.

लेस्टरहून ए 47 रस्त्याने किंग्ज लिनमार्गे अडीच-तीन तास लागतात. शरदात या भागात शुगर बीटची काढणी चालू असते, त्यामुळे अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या मागे रांगत जायची तयारी ठेवा. पण याच बीटमुळे एक सोहळा बघायला मिळतो. आइसलँड आणि ग्रीनलँडहून गुलाबी पायांचे हंस-बदकांसारखे मोठे पक्षी, पिंक-फुटेड गीज, हिवाळ्यासाठी इथे हजारोंच्या संख्येने येतात आणि काढणीनंतर शेतात उरलेला बीटचा पाला खातात. वेल्स-नेक्स्ट-द-सी या गावाच्या किंवा होल्कमच्या आसपास संध्याकाळी गाडी कडेला लावून काच खाली करा. थवेच्या थवे ओरडत समुद्राकडे परततात. आई-बाबांना चालायला न लावता दाखवता येईल असं याहून मोठं दृश्य मला इंग्लंडमध्ये ठाऊक नाही. नोव्हेंबरात पुन्हा एखादा वीकेंड जमला तर पूर्व किनाऱ्यावर हॉर्सीला जा. ग्रे सीलची पांढरी पिल्लं वाळूत पडलेली असतात आणि वाळूच्या टेकाडांवरून लांबूनच बघायची सोय असते.

टबाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण लोक फोटो बघतात आणि पाण्याचं विचारत नाहीत.

वज्रेश्वरीच्या कुंडात पाणी खालून येत राहतं, टबात मात्र तेच बारा-पंधराशे लिटर पाणी पंपातून आणि फिल्टरमधून फिरत राहतं. ते अडतीस अंशांवर असतं. लिजिओनेला हा जिवाणू 20 ते 45 अंशांच्या पाण्यात वाढतो आणि बुडबुड्यांमुळे उडालेल्या बारीक तुषारांतून श्वासात जातो. त्याने होणारा न्यूमोनिया वयस्कर माणसांना जास्त धोक्याचा. 2012 साली स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये एका दुकानात नुसता दाखवायला चालू ठेवलेला हॉट टब होता. त्यात कोणी उतरलंही नव्हतं, जवळून ये-जा करणारे आजारी पडले आणि दोघांचा जीव गेला. 2017 मध्ये त्या कंपनीला दहा लाख पौंडांचा दंड झाला. हे घाबरवायला सांगत नाही. क्लोरीन किंवा ब्रोमिनची मात्रा बरोबर असली की हा जिवाणू टिकत नाही, आणि भाड्याच्या घरांतल्या टबांसाठी इथल्या आरोग्य-सुरक्षा खात्याची स्पष्ट मार्गदर्शक सूचना आहे. त्यानुसार घरगुती पद्धतीचा टब असेल तर एक पाहुणे गेल्यावर पाणी पूर्ण काढून, टब धुऊन, निर्जंतुक करून नवीन पाणी भरायला हवं.

इथे थोडा हिशेब करा. साध्या प्लगवर चालणाऱ्या टबाचा हीटर दोन-तीन किलोवॅटचा असतो. बाराशे लिटर पाणी 12 अंशांवरून 38 वर न्यायला सुमारे 36 युनिट वीज लागते, म्हणजे तीन किलोवॅटवरही बारा तास. आधीचे पाहुणे सकाळी दहाला जातात, तुम्ही दुपारी चारला पोचता. टब तेव्हाच वाफाळत असेल तर मालकांना प्रेमाने विचारा की एवढ्यात तापला कसा. काही जण बॉयलरचं गरम पाणी भरतात, काहींकडे मोठा हीटर असतो, काही जण मध्ये एक दिवस घर रिकामं ठेवतात. यातलं एकही उत्तर मिळालं नाही तर पाणी बदललेलं नसण्याची शक्यता आहे. उलट “आज कोमट आहे, उद्या सकाळी तयार होईल” असं कोणी सांगितलं तर चिडू नका, ते मालक नियमाने वागताहेत.

पोचल्यावर झाकण उचलून बघा. पाण्याचा तळ स्वच्छ दिसायला हवा, कडेला बोट फिरवलं तर बुळबुळीत लागता कामा नये. डोळ्यांत जाणारा उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन असा समज आहे, पण तो वास बहुधा घाम आणि मळाशी लढून संपत आलेल्या क्लोरीनचा असतो. दुकानात चाचणीच्या कागदी पट्ट्या मिळतात, एक डबी घेऊन ठेवा. क्लोरीन 3 ते 5 आणि पीएच 7.2 ते 7.6 च्या आसपास दिसलं की निर्धास्त उतरा.

लाकडावर तापणारा टब दिसायला देखणा असतो, पण तुमच्यासाठी नको. तीन-चार तास जळण सारत बसावं लागतं आणि तापमान हातात राहत नाही. बाबांसाठी ते हातात असायला हवं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं, त्यात गोळीचा परिणाम मिळाला की उठताना चक्कर येऊ शकते. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. होकार आला तर 37 अंश, दहा-पंधरा मिनिटं, जेवणानंतर लगेच नाही, आणि बाहेर येताना कोणीतरी हात द्यायला उभं. पायऱ्यांना कठडा आहे का हे बुकिंगआधीच फोटो मागवून बघा, आईंसाठीही ते लागेल. मुलीला पाच-दहा मिनिटं पुरे, लहान अंग लवकर तापतं, आणि तिला एकटीला क्षणभरही सोडायचं नाही.

उतरण्याआधी सगळ्यांनी साबण लावून अंघोळ करायची. आई केसांना तेल लावत असतील तर त्या दिवशी नको. तेलाने क्लोरीन संपतं, फेस येतो, फिल्टर तुंबतो. पोहण्याच्या कपड्यांचा त्यांना संकोच वाटला तर पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा पोशाख घ्या. सुती पंजाबी ड्रेस नको, त्याचे तंतू आणि कपड्यात राहिलेला साबण पाण्यात उतरतो.

स्वयंपाकघराचंही विचारून घ्या. शेगडी इंडक्शनची असली तर आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा न्या. तवा, पोळपाट-लाटणं आणि मसाल्याचा डबा बरोबर ठेवा. फोडणी देताना पंखा लावून खिडकी उघडा, स्मोक अलार्म लगेच वाजतो. गावात दुकान असेलच असं नाही आणि मोबाइलची रेंज आडगावी दगा देते, म्हणून सामान किंग्ज लिनलाच भरा आणि शेवटच्या दोन मैलांचा रस्ता निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून ठेवा. अंधार पडायच्या आत पोचायचं बघा. तिथल्या गल्ल्यांना दिवे नसतात आणि समोरून गाडी आली तर मागे घ्यावी लागते.

शोधताना ‘सगळं तळमजल्यावर’ आणि ‘बंदिस्त अंगण’ या दोन अटी आधी लावा, हॉट टबची तिसरी. खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि शॉवर असलेली घरं आधी भरतात, तेव्हा आई-बाबांची तिकिटं झाली की त्याच आठवड्यात बुकिंग उरका.