स्लीव्हनंतर पाचव्या महिन्यात तर्री पोहे: माझा अनुभव

ताई, तुम्ही लिहिलंय की स्लीव्हला, म्हणजे वजन कमी करायला जठर लहान करण्याच्या ऑपरेशनला, पाच महिने झाले, रविवारी घरच्यांसोबत तर्री पोहे खायला गेलात, चार घासांत छातीत अडकल्यासारखं झालं आणि गाडीपर्यंत पोचायच्या आत उलटी. आता आत काही फाटलं-बिटलं तर नाही ही एक धास्ती, आणि एवढं ऑपरेशन करूनही जीभ काऊन ऐकत नाही हा दुसरा ताप. मार्चमध्ये माझ्या स्लीव्हला सहा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पण हे दोन्ही प्रश्न मीही रडत रडत विचारून झालेत.

आधी उलटीचं बघू. एकदाच झाली, नंतर मोकळं वाटलं, पाणी नीट जातंय, तर बहुतेक ती घाईची उलटी आहे. पुढच्या भेटीत सर्जनना सांगून ठेवा. पण पाणीही पोटात ठरत नसेल, उलट्या थांबतच नसतील, ताप असेल, पोट सतत दुखत असेल किंवा छाती धडधडत असेल, तर हे वाचत बसू नका, आत्ताच्या आत्ता त्यांना फोन लावा. उलट्या चालूच राहिल्या की शरीरातलं बी१, म्हणजे थायमिन, झपाट्याने कमी होतं आणि त्याचा मार नसांवर, मेंदूवर बसतो. त्यात ‘उद्या पाहू’ चालत नाही.

आता ती प्लेट डोळ्यासमोर आणा. वाफवलेले पोहे, त्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री, वरून कच्चा कांदा आणि मूठभर चिवडा. पोहे नीट चावले नाहीत तर त्यांचा गोळा होतो. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो, उरते ती केळ्याएवढी नळी. गोळा जाऊन नळीत बसला, त्यावर पातळ तर्री ओतली, मग ती जाणार कुठे? त्यात हरभऱ्याची सालं, तेलाचा तवंग, आणि आपण नागपूरकर ते उभ्याउभ्या, बोलत बोलत, गरम आहे तोवर भराभर खातो. उलटी तुमच्या नशिबाची नव्हती, त्या प्लेटची होती.

जिभेचं मात्र लांबडं आहे. जठराचा जो वरचा फुगीर भाग कापतात, तिथेच भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, सगळ्यात जास्त तयार होतं. म्हणून पहिले काही महिने बहुतेकींना फारशी भूक लागतच नाही. मला तर वाटलं होतं, जिंकलो! घड्याळ लावून जेवायचे मी. पण भूक नसतानाही सकाळी दहाच्या सुमारास बर्डीवरून जाताना फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. सर्जननी कापलं ते जठर. लहानपणी बाबांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून दर रविवारी पोहे खायला जायचे, ते कोण कापणार?

टपरीकडे फिरकूच नका, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. मी तीन महिने तोंड फिरवून गेले आणि चौथ्या महिन्यात नवऱ्याला न सांगता एकटी जाऊन अर्धी प्लेट ओरपली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मग ठरवलं, जायचं ते सगळ्यांसोबत, आणि निघण्याआधी घरी एक उकडलेलं अंडं सावकाश खाऊन. तिथे एका वाटीत दोन चमचे तर्रीतले हरभरे घ्यायचे, सालं काढायची, एकेक दाणा पीठ होईस्तोवर चावायचा. बाकी प्लेट नवऱ्याची. चार रविवार असं केलं. पाचव्या रविवारी नणंदेच्या घराच्या बांधकामावरून गप्पा एवढ्या रंगल्या की वाटी मागायचीच राहिली, आणि ते घरी आल्यावर लक्षात आलं.

(उलटी झाल्यावर मात्र दोन-तीन आठवडे हेही नको. पुन्हा मऊ अन्नावर या आणि तिखट कधी सुरू करायचं ते आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा.)

आहाराचा जो कागद मला मिळाला होता त्यावर ब्रोकोली, टोफू आणि कुठलंसं सूप होतं. आमच्या इतवारीतल्या स्वयंपाकघरात तो कागद आठवडाभर फ्रिजवर लटकला. शेवटी मीच त्याचं भाषांतर केलं. पातळ पिठलं, कमी तिखटाचं, भाकरीशिवाय, चमच्याने. मुगाचं घट्ट वरण. चक्का, कुस्करलेलं पनीर, भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेली अंडा भुर्जी. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, म्हणजे हिशेब किती कठीण आहे बघा. म्हणून आधी प्रथिनं, मग भाजी, पोळी-भात जागा उरली तर. सावजी मटणाचं म्हणाल तर मी वर्षभर थांबले, तेही खिमाच, आणि रश्शाला फक्त बोट लावून.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगते. जे अडकतं त्याला घाबरू नका, जे गपकन खाली उतरतं त्याला घाबरा. चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम, शेव, चिवडा. याने ना छाती भरून येते ना उलटी होते, पोट भरल्याचा इशाराही मिळत नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीचा चिवडा मी देवदिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी मूठमूठ खाल्ला. चार किलो वाढले, आणि मी दोष देत होते वजनकाट्याला. तोवर खरी भूकही थोडी परतलेली होती, ती बहुतेकींची परतते.

गोडाचं तुमचं-माझं जरा बरं आहे. नणंदेचं बायपास झालंय, हृदयाचं नाही, वजनासाठी करतात ते जठराचं. तिने लग्नात संत्रा बर्फीचे दोन तुकडे खाल्ले आणि वीस मिनिटांत घामाने थबथबली, पोटात कळा, धडधड. नवरीच्या खोलीत तिला आडवं करावं लागलं. याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये ते कमी होतं, होतच नाही असं मात्र नाही.

आणि पाणी! जेवताना नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, हे तुम्हाला सांगितलं असेलच. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि आता घटाघटा पिता येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मला त्यापायी सलाइन लागलं. मी तहानेला भूक समजत होते, दुपारी चारला काहीतरी चटपटीत हवंसं वाटायचं. आता आधी ताकाचे घोट, पंधरा मिनिटं थांबणं, मग डबा उघडायचा की नाही ते ठरवते.

‘चिमणीसारखं खाऊन राहिली, अशाने अंगात रक्त राहील का?’ हे सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकावं लागेल. वाद घालू नका, बशी लहान घ्या. रक्ताचं मात्र त्या बरोबर बोलतात. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे आयुष्यभराचं आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये दोन तास जाऊ द्या. केस गळत असतील तर हाच काळ आहे त्याचा, बहुतेकींचे परत येतात, पण तपासणी चुकवू नका.

मृग बहाराची संत्री आली की आणखी एक काळजी घ्या. फोडीचं साल आणि दोरे पोटात जाऊ देऊ नका, ते अडकतात. नुसता गर खा. मला एक संत्रं संपवायला वीस मिनिटं लागतात. सासूबाई समोर बसून फोडी सोलून देतात, आणि वाया कशाला म्हणून सालं स्वतः चघळतात.