फ्रेम कोटिंगला टाकतोयस? आधी चेसिस नंबर झाक, बाकीचं नंतर

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि जुनं सगळं डोळ्यासमोर आलं, म्हणून हे लांबलचक लिहितोय, वेळ असेल तरच वाच. तासगावातनं घेतलेली जुनी बुलेट 350, मागचा लूप (सीटखालचा फ्रेमचा वळवलेला पाईप) कापून नवीन बसवलाय, वेल्डिंग झालंय, आणि सोमवारी फ्रेम पावडर कोटिंगला (पावडर मारून ओव्हनमध्ये भाजायचा कलर) टाकतोयस, त्याआधी काय बघायचं राहिलंय असं विचारलंयस. बाकीच्यांनी मॅट का ग्लॉस यावरच रान उठवलंय, ते चालू दे. ग्रीस धुणं, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश काढणं, हँडलच्या बेअरिंगचे कप ठोकून बाहेर काढणं हे तुला येतंयच असं धरतो. मी मुद्द्याचं सांगतो, आणि मुद्दा आहे चेसिस नंबर.

माझी गाडी 2019 च्या पुरातली. सांगलीत आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं त्या आठवड्यात ती एका पार्किंगमध्ये बुडून होती, मालकानं नंतर नाद सोडला आणि मी उचलली. रजिस्ट्रेशनची 15 वर्षं संपत आलेली, म्हणजे रजिस्ट्रेशन रिन्यू करायला फॉर्म 25 भरून गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागणारच होती. हे मला माहीत होतं म्हणून कोटिंगवाल्याला तोंडी सांगितलं, वर फ्रेमला तारेनं चिठ्ठी पण बांधली, की नंबरच्या जागेवर ब्लास्टिंग (हवेच्या दाबानं खरखरीत ग्रिट मारून जुना कलर-गंज उडवणं) नाही, पावडर नाही, ग्राइंडर तर लावायचाच नाही. वर्कशॉपचा मालक म्हणाला, "टेन्शन घेऊ नका, रोजचं काम आहे आमचं." कुठला वर्कशॉप ते विचारू नका, नाव घेणार नाही.

फ्रेम परत आली तेव्हा लांबून एक नंबर दिसत होती, काळी कुळकुळीत. जवळ गेलो तर नंबरच्या जागी नुसती हलकी उंचसखल पट्टी. आधी त्यांच्या पोरानं गंज दिसला म्हणून ग्राइंडरला वायर ब्रश लावून ती जागा घासलेली, मग ब्लास्टिंग, मग पावडर, आणि फिनिश चांगला यावा म्हणून वरनं क्लिअरचा कोट. चिठ्ठीची तार तशीच होती, चिठ्ठी नव्हती. मालकाला विचारलं तर म्हणे, "नंबर आहे की साहेब, हात फिरवून बघा." हात फिरवला तर लागत होता खरा. पण तपासणीला गाडी नेली तिथल्या साहेबानं टॉर्च आडवी धरली, फडक्यानं पुसलं, कागद ठेवून पेन्सिल घासली, तर कागदावर 3 आहे का 8 आहे तेच कळेना. मी तोच डायलॉग मारला, हाताला लागतोय म्हणून. ते म्हणाले, "मला दिसला पाहिजे, हाताला लागून मी काय करू?" आता यात त्यांचं काय चुकलं सांग.

पण खरा घोळ त्याच्यापुढं झाला. कोटिंगवाला म्हणाला आणा, परत ब्लास्ट करून देतो, फुकट. नशीब मी नेली नाही. पंच केलेला नंबर खोल नसतो, त्यात गाडी जुनी, वर पुराचा गंज, प्रत्येक ब्लास्टिंगला कडा अजून गोल होत जातात. मग पेंट रिमूव्हरची जेल लावून, थांबून, अगरबत्तीच्या काडीनं एकेक आकडा कोरत बसलो. लोखंडाचं काहीच वापरलं नाही, पॉलिश पेपर पण नाही. नंबर वाचता यायला लागला, पण त्याच्या भोवती वायर ब्रशचे ओरखडे उघडे पडले. आणि चेसिस नंबरभोवती ओरखडे दिसले की समोरच्याच्या डोक्यात एकच गोष्ट येते, खाडाखोड, म्हणजे चोरीची गाडी. तिथनं पुढं मग ह्या टेबलाचं पत्र आणा, त्या टेबलाचा शिक्का आणा, ते म्हणणार आमच्याकडं कशाला आलात, तक्रार काय आहे तुमची? तक्रार काहीच नाही हो, गाडी माझी, कागद माझे, नंबर पण माझाच, फक्त एका पोरानं ब्रश मारला. अख्खा पावसाळा त्यातच गेला. कोटिंगचे पैसे वाया गेले त्याचं एवढं वाटत नाही, पण कागद नीट असताना चोरासारखं उभं राहावं लागतं ते डोक्यात बसतं. असो.

तर तू काय करायचंस. फ्रेम घरातनं हलवायच्या आधी नंबरची जागा रॉकेलनं आणि मऊ फडक्यानं पुसून घे, पेन्सिल प्रिंट काढ, उजेड आडवा पाडून जवळनं फोटो काढ, त्यात शेजारचा हँडलचा पाईप पण दिसू दे. प्रिंट म्हणजे काही सरकारी पुरावा नाही, पण नंतर बोलायला तोंड राहतं. ब्लास्टिंगसाठी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा नंबरवर गुंडाळून दोन्ही बाजूंनी क्लिप आवळायची, रबरावरनं ग्रिट उडून जाते, मारा आत जात नाही. ओव्हनला टाकताना मात्र रबर काढायचं आणि तिथं उष्णतेचा हिरवा पॉलिस्टर टेप लावायचा. साधा खाकी मास्किंग टेप 180-200 डिग्रीला करपतो आणि त्याचा डिंक जाग्यावरच भाजून बसतो. जमलं तर टेप लावताना स्वतः तिथं उभा राहा. ते चिडतील, चिडू देत. नंबर उघडा ठेवून नंतर त्यावर पातळ क्लिअर लॅकरचा एक हात दिला तरी गंज धरत नाही.

कायद्याचं पण बोलतो, मी वकील नाही, एजंट पण नाही, तुझं तू विचारून घे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायचा नाही. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण त्यावर स्पष्ट निकाल दिलाय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर 182अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही बसू शकतं. मागचा लूप बदलणं त्यात येतं का, तर धरायचं म्हटलं तर धरता येतं. माझं मत विचारशील तर मेन फ्रेमला हात लावायचाच नाही, कापलेला ओरिजिनल लूप फेकायचा नाही, माळ्यावर टाकून ठेवायचा. आणि कुणी "नंबर नवीन पंच करून देतो" म्हणाला तर त्याच्या दारात पण उभं राहू नकोस.

आता दुसरी गोष्ट, आणि इथं बहुतेक जण घाई करतात. कलरच्या आधी गाडी पूर्ण उभी करायची. पूर्ण म्हणजे पूर्ण, इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही चाकं, टाकी, सीट, मडगार्ड, बॅटरी बॉक्स, सायलेन्सर, वायरिंग, नंबर प्लेटची पट्टीसुद्धा, सगळं कच्च्या फ्रेमवर फाउंडेशन बोल्ट (इंजिन फ्रेमला धरणारे) आवळून. जुन्या बुलेटला इंजिनखालनं पाईप जात नाही, इंजिन हाच फ्रेमचा भाग आहे, त्यामुळं मोकळ्या फ्रेमवर लूप वेल्ड केला असशील तर ती थोडी ओढली गेली असण्याची शक्यता आहेच. इंजिन बसवताना बोल्ट हातानं सरकत नसतील, हातोडी लागत असेल, तर तिथंच थांब. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी गवंड्याची लाईनदोरी पुढपर्यंत ताणून बघ, पुढचं चाक सरळ धरल्यावर दोन्हीकडं सारखी फट पाहिजे. जमीन सपाट करून मागनं ओळंबा सोड, लूपचा मध्य आणि टायरचा मध्य एका रेषेत यायला पाहिजे, डोळ्यानं बघून काय कळत नाही. चेनला लांब पट्टी लावून दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का बघ.

मग दोघांनी बसून दाबायचं, मागचा टायर लूपला किंवा मडगार्डला कुठं लागतोय का ते बघायचं. हँडल दोन्हीकडं लॉकपर्यंत फिरवून टाकीला घासतंय का, केबल ताणतायत का. साईड स्टँडचा अँगल गाडीचं पूर्ण वजन असताना तपास, रिकाम्या फ्रेमवर तो नेहमीच बरोबर वाटतो. हॉर्न, रेग्युलेटर, टेल लॅम्प, इंडिकेटर ह्या सगळ्याच्या पत्र्या आत्ताच वेल्ड कर, आणि वायर जिथनं आत जाणार त्या भोकाच्या कडा कानशीनं मारून ठेव. कलर झाल्यावर एक पत्री राहिली म्हणून आठवलं तर पावडर जाळून वेल्डिंग करावं लागतं आणि तो डाग कायम दिसतो. घरच्या रानात नाहीतर मळ्याच्या रस्त्यावर तशीच, नुसता रेड ऑक्साईड मारलेली गाडी थोडी फिरव, कुठं तडा, कुठं थरथर, कळून जाईल.

कोटिंगला देताना बाकीचं झाकायचं ते पण बघ. पावडरचा थर साधारण 60 ते 80 मायक्रॉन येतो, म्हणजे 10 एमएमच्या भोकात दोन्ही बाजू धरून सव्वा-दीड दशांश एमएम कमी. ऐकायला काहीच नाही, पण फाउंडेशन बोल्ट ठोकून घालावा लागतो आणि पहिल्या ठोक्याला कडेची पावडर टवके होऊन निघते. आटे, हँडलच्या कपाची जागा, चिमट्याच्या बुशची जागा, स्टँडची पिन आणि अर्थिंगची जागा झाकायची. अर्थिंग विसरलास तर गाडी तयार झाल्यावर इंडिकेटर लागेना म्हणून वायरमन दोन दिवस डोकं खाजवणार.

पुराची गाडी असेल तर (तासगाव उंचावर आहे, पण जुन्या गाड्या कुठनं कुठं फिरून येतात) पाईपच्या आतला गाळ काढल्याशिवाय ओव्हनला देऊ नकोस. कंप्रेसरची हवा मार, फ्रेम उलटीसुलटी करून नायलॉनच्या हातोडीनं ठोक, परत हवा मार. माझ्या फ्रेममधनं पूर ओसरून एवढे दिवस झाले तरी चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ पडत होता. आत ओल किंवा तेल राहिलं की ओव्हनमध्ये ते बाहेर येतं आणि पावडरला बारीक फोड येतात, म्हणून आधी एकदा फ्रेम नुसतीच भाजून घ्यायला सांग. ब्लास्टिंगची ग्रिट पण अशीच आत बसते आणि नंतर नव्या बेअरिंगमध्ये उतरते.

मला विचारशील तर जुन्या फ्रेमला पावडर करूच नये. एपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा कलर), चांगला पेंटर पकड. टवका उडाला तर तेवढंच दुरुस्त होतं, आणि वेल्डिंगच्या जागी थोडी लांबी (पुट्टी) भरून सांधा गुळगुळीत करता येतो. पावडरखाली साधी लांबी चालत नाही, ओव्हनमध्ये तिची वाट लागते. पावडर टिकाऊ आहे हे मान्य, इथं बरेच जण त्याचे फॅन आहेत, त्यांच्याशी मला भांडायचं नाही. पण दोन्हीत एक सारखंच, ब्लास्ट झाल्यावर उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही. पावसाळी हवेत सकाळपर्यंत तांबूस छटा येते, आणि त्यावर मारलेला कोणताही कलर काही महिन्यांत सुटतो. त्याच दिवशी प्रायमर, आणि मधे उघड्या हातानं धरायचं नाही, घामाचे ठसे उमटतात.

सोमवारचं पुढं ढकल एवढंच सांगेन. आणि लूप जिथं जोडलाय त्या दोन्ही सांध्यांचे जवळनं फोटो टाक, आतनं पाईपचा तुकडा घातलाय का नुसतं टोकाला टोक लावून भरलंय ते पण सांग, वेल्डिंग आर्गन गॅसचं आहे का साधं रॉडचं ते पण. नुसतं टोकाला टोक असेल तर कलरचं सोड, आधी ते कापून परत करायला लागेल.