ट्राऊटसाठी तीर्थनला जाण्याआधी मुळेच्या काठी दोन महिने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: राहणे कोथरूडला, अनुभव म्हणावा तर लहानपणी आजोळी भीमेच्या काठावर कणकेची गोळी लावून गळ टाकण्याचा, आणि बेत एप्रिलमध्ये आठवडाभर हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात जाऊन ट्राऊट पकडण्याचा, तर रॉड कोणता घ्यावा, आणि त्याआधी हात बसावा म्हणून महाबळेश्वरच्या थंड पाण्यात ट्राऊट मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

महाबळेश्वरला ट्राऊट नाही, आणि कोणी आणून सोडला तरी तो तेथे उन्हाळा काढणार नाही. आपल्याला स्वेटर घालावासा वाटतो म्हणून पाणीही ट्राऊटला पुरेल इतके थंड आहे, असे होत नाही. हा मासा साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुखाने राहतो. विशीच्या पुढे त्याचे खाणे मंदावते आणि पारा पंचविशीकडे गेला की तो जगणे कठीण. याचे कारण बरेचसे श्वासात आहे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू विरघळू शकतो, तर २८ अंशांच्या पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅमपर्यंत येतो, आणि नेमक्या त्याच वेळी उष्णतेमुळे माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान तेथेही तिशी गाठते आणि ओढे बारीक होत जातात. दक्षिणेत निलगिरीत आणि मुन्नारच्या डोंगरांत ट्राऊट टिकला तो दोन हजार मीटरच्या आसपासच्या, बारमाही वाहणाऱ्या ओढ्यांत. तेथेही तो मूळचा नाही. काश्मीर, हिमाचल, निलगिरी, सगळीकडे ही ब्रिटिशांनी अंडी आणून केलेली पेरणी आहे. काश्मिरात १९०० च्या आसपास आणि कुल्लूच्या बाजूला १९०९ मध्ये.

पुणेकराने यात फारसे वाईट वाटून घेऊ नये. दख्खनचा महाशीर, ज्याला शास्त्रीय नावात आजही ‘खुदरी’ म्हणतात, त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केले ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. म्हणजे ज्या पाण्याच्या वासाने आज आपण बंडगार्डनच्या पुलावर गाडीची काच वर करतो, त्याच पाण्याने या माशाला जगात नाव दिले. पुढे लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात याच महाशीराची पैदास करून पिल्ले ठिकठिकाणी सोडली गेली. ट्राऊटच्या निमित्ताने एवढे विषयांतर माफ असावे.

आता मुद्दा. ट्राऊट पकडण्यात रॉडचा वाटा मी चार आणे धरतो. उरलेले बारा आणे पाणी वाचण्याचे आहेत, आणि ते शिकायला ट्राऊटची गरज नसते. वाहते, निवळ, दगडांवरून उतरणारे पाणी आणि त्यात अन्नासाठी प्रवाहाकडे तोंड करून उभा राहणारा कोणताही लहान मासा पुरतो. फेब्रुवारी आणि मार्च तुमच्या हातात आहेत. शहरातली नदी सोडा आणि पौडच्या वरच्या अंगाला मुळेवर, पवना धरणाखाली किंवा पानशेतच्या बाजूला आंबी आणि मोसे या नद्यांवर जा. काठावर बसण्याआधी गावात विचारा, कारण अनेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो. देहू-आळंदीला इंद्रायणीत श्रद्धेने राखलेल्या माशांसमोर गळ काढू नये हे सांगायला नकोच. धरणाखाली बसताना पाणी केव्हा सोडतात याची चौकशी न करता नदीच्या मध्यावरच्या खडकावर जाऊ नका.

माझा स्वतःचा क्रम सांगतो. रविवारी पहाटे पावणेपाचला उठून, आवाज न करता दाराची कडी काढून (हे अजून साधलेले नाही), स्कूटर चांदणी चौकातून पिरंगुटकडे लावायची, घाट उतरल्यावर पहिला चहा घ्यायचा आणि उजाडताना पाण्यापाशी असायचे. नऊ वाजता ऊन अंगावर आले की सामान आवरून साडेदहापर्यंत घरी. भाजी आणायचे काम परतीच्या वाटेवर माझ्याकडे असते, त्यामुळे हा छंद घरात टिकून आहे. गांडुळांचा डबा फ्रीजमध्ये एकदाच ठेवला. त्या प्रसंगानंतर मी कृत्रिम आमिषांकडे वळलो, आणि लोकांना मात्र सांगतो की हे तत्त्व म्हणून केले. काठावर भेटणारा प्रत्येक जण “काय घावलं का?” असे विचारतो आणि आपण सगळे सोडून देतो हे ऐकल्यावर ज्या नजरेने बघतो, तिची सवय करून घ्यावी लागते.

पहिले दोन रविवार गळ नेऊच नका. खिशात भुईमुगाची मूठभर टरफले न्या. एक टरफल खळाळाच्या डोक्याशी पाण्यात टाका आणि ते कोठे जाते ते बघत राहा: मधल्या धारेत ते सुसाट जाते, मोठ्या दगडाच्या मागे शिरले की गरगरते, आणि वेगवान धार व संथ पाणी जेथे एकमेकांना घासतात त्या रेषेवर ते जरा रेंगाळते. मासा त्या रेषेच्या संथ बाजूला असतो. त्याला जोरदार धारेत पोहण्यात शक्ती घालवायची नसते. पण ती धार वाहून आणते ते अन्न मात्र तोंडाशी हवे असते. दहा टरफलांपैकी एखादे वरून बुडूक करून ओढले गेले, की त्या जागी डोळे लावून बसा. आपल्याकडे ते बोटभर लांबीच्या रुपेरी माशांचे काम असेल, तीर्थनला त्याच रेषेवर ट्राऊट असेल.

मग गुडघाभर पाण्यातला एक दगड उचलून उलटा करा. खालच्या बाजूला चिकटलेले, चपटे, मागे तीन बारीक शेपट्या असलेले किडे दिसतील; वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या नळ्याही दिसतील, आणि नळीला हलकेच टोचले तर आतून एक डोके बाहेर येऊन परत आत जाईल. यांच्याच भाऊबंदांवर ट्राऊट जगतो. हे किडे कित्येक महिने पाण्यात वाढतात, पंख फुटले की काही एखाद-दोन दिवस, काही थोडे आठवडे उडतात आणि संपतात; त्यांची नक्कल म्हणजे ती पिसांची आणि दोऱ्याची ‘माशी’ जिच्यावर लोक पगार उडवतात. दगड पुन्हा होता तसा ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे आपण स्वतः. पाण्यातल्या माशाला बाहेरचे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाश वाकल्यामुळे सुमारे ९७ अंशांच्या शंकूत सारे आकाश आणि दोन्ही काठ मावलेले असतात. काठावर उभा माणूस त्या खिडकीच्या कडेला स्पष्ट दिसतो, बसलेला जवळजवळ दिसत नाही. म्हणून प्रवाहाच्या खालच्या बाजूने, म्हणजे माशाच्या पाठीमागून, वाकून जायचे, भडक टी-शर्ट घरी ठेवायचा आणि सकाळी आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी बाजू निवडायची. चपलांचा दगडावरचा आवाज माशापर्यंत पोहोचतो. आपले बोलणे तितकेसे नाही.

रॉडबद्दल. एप्रिलपर्यंत मोजके रविवार मिळणार असतील, तर साडेसहा-सात फुटी हलका स्पिनिंग रॉड, लहान रीळ, सहा ते आठ पौंडी नायलॉन आणि चार ते सात ग्रॅमचे फिरत्या पात्याचे स्पिनर एवढे पुरे. यात आमिषाचे वजन दोरी ओढून नेते, त्यामुळे एका सकाळीत हात बसतो. फ्लाय रॉडमध्ये उलटे आहे: माशीला वजन नसते, वजन दोरीला असते, आणि हवेत दोरी नाचवून माशी पाण्यावर उतरवायची असते. हे दोन महिन्यांत जमते, पण रोज अर्धा तास मैदानावर जायची तयारी हवी. नऊ फुटी, पाच नंबरचा (म्हणजे पाच नंबरच्या वजनाची दोरी पेलणारा) रॉड घ्या, टोकाला काट्याऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा आणि शाळेच्या मैदानावर कोणी नसताना जा. चूक सगळ्यांची एकच होते. दोरी मागे पूर्ण सरळ होण्याआधीच माणूस हात पुढे आणतो, आणि मग आसूडासारखा फटका ऐकू येतो. तो आला की समजावे, खरी माशी असती तर तुटली असती. मागे वळून दोरीकडे बघायला संकोचू नका. आमच्या सोसायटीच्या गुलमोहरात माझी लोकर तीन पावसाळे लटकत होती.

काटे कोणतेही घ्या, त्यांच्या टोकाजवळचे उलटे नख पक्कडीने दाबून सपाट करा. मासे थोडे अधिक सुटतील, पण जो हाती येईल तो जिवंत परत जाईल. हात ओले करूनच माशाला धरावे, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे चिलखत असते आणि कोरड्या तळव्याला ते निघून येते.

तीर्थनचे वेळापत्रक आपल्या सवयीपेक्षा वेगळे आहे. ट्राऊटचा विणीचा काळ थंडीत येतो, म्हणून हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राऊटची मासेमारी बंद असते. मार्चपासून मत्स्य विभागाचा परवाना काढून गळ टाकता येतो, आणि किती मासे व केवढे ठेवता येतात हे परवाना घेतानाच विचारून घ्यावे. एप्रिलमध्ये वर बर्फ वितळत असतो. रात्री गारठा असल्यामुळे सकाळी पाणी कमी आणि काचेसारखे असते. दिवसभराच्या उन्हाचे पाणी दुपारनंतर खाली पोहोचते, नदी वीतभर चढते आणि दुधी होते. म्हणून उजाडल्यापासून अकरापर्यंतचा वेळ वाया घालवू नका. मी पहिल्या वर्षी पुण्याच्या शिरस्त्याने सावकाश पराठे खाऊन साडेदहाला नदीवर गेलो आणि तीन दिवस दुधात गळ टाकत बसलो.

ज्यांच्याकडे मी उतरतो ते गृहस्थ तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वरच्या बाजूला राहतात. त्यांचा दिवस मासेमारीचा नसतोच. सकाळी गाय, मग सफरचंदाच्या झाडांची कामे, मुलांची शाळा, बाजार बंजारला. नदीवर ते जातात ते मधल्या फटीत, वीस-पंचवीस मिनिटे, अंगावर घरचाच स्वेटर आणि पायात रबरी बूट. मी एकदा त्यांच्यामागे बसून नुसते पाहिले. त्यांनी एका मोठ्या धोंड्याच्या मागे बसून बिडी संपेपर्यंत पाण्याकडे बघितले, मग गुडघ्यांवरच दोन पावले पुढे सरकून एकदाच स्पिनर टाकला, धारेच्या कडेवरून तिरपा आणला, आणि दगडाच्या सावलीतून पिवळसर काहीतरी पलटले. तळव्याहून थोडा मोठा ब्राऊन ट्राऊट होता. कुशीवर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे. रेनबो, म्हणजे ट्राऊटची दुसरी जात, असता तर अंगावर गुलाबी पट्टा आणि शेपटीवर काळे ठिपके दिसले असते. त्यांनी तो पाण्यातच काट्यावरून सोडवला, “बच्चा है” म्हणाले आणि गवत कापायला निघून गेले. त्या दिवशी सकाळी मी त्याच जागी साठ-सत्तर वेळा स्पिनर फेकला होता, उभ्याने.

या नदीवर जलविद्युत प्रकल्प नकोत म्हणून खोऱ्यातील लोक भांडले आणि तीर्थन मोकळी राहिली, हे तेथे बोलताना लक्षात ठेवा. नदीबद्दल ते आपल्यापेक्षा हळवे आहेत. वरचा भाग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात येतो, तेथे जायचे तर वेगळी परवानगी लागते.

पाण्यात उतरण्याचा मोह मांडीच्या वर नको. बर्फाचे पाणी दोन मिनिटांत पाय बधिर करते, आणि बधिर पायाला शेवाळलेला दगड कळत नाही. माझा उजवा गुडघा अजून जिने चढताना त्या दगडाची आठवण काढतो. हातात पक्की काठी, लोकरीचे मोजे आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड काठावर, एवढे असू द्या.

प्रवासाचे म्हणाल तर दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची बस घ्या आणि औटच्या बोगद्याच्या अलीकडे, औट गावी उतरा. तेथून बंजार आणि गुशैणीला बस-जीप मिळतात. विमानाने जाणार असाल तर रॉड चेक-इन सामानात द्यावा लागेल, म्हणून चार तुकड्यांत सुटणारा घ्या आणि नळाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घाला. बसमध्ये ती नळी टपावर देऊ नका, मांडीवर घ्या. कंडक्टर दोनदा विचारेल, तिसऱ्यांदा स्वतःच मासे कोठे लागतात ते सांगेल.